भागीताईची ओळ

निफाड,
२१ नोव्हेंबर २०२४

प्रिय भागीताई,

पाया पडते. आम्ही सगळ्या इथे बऱ्या आहोत, तुम्हीही असाल. लंकाबाई भाताच्या झोडणीला गावी निघाली आहे, तिच्या हाती हे पत्र देते. फोन का नाही केला म्हणशील. अगं, तुझा फोन म्हणजे गावची सभा! स्पीकरवर टाकतेस आणि अर्धा पाडा येऊन बसतो. मला सांगायचंय ते पाड्यासाठी नाही. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. ओट्यावर उन्हात बसून सावकाश वाच.

इथे थंडी लय पडलीये. पहाटे पाण्यात हात घालवत नाही. कुसाबाई रोज शिव्या घालूनच सगळ्यांना उठवते, त्यामुळे मोबाइलचा अलार्म लावावा लागत नाही. तुझी आठवण काढते ती, शिव्या देतानाच.

तू दर फोनला एकच विचारतेस, "मुकादम झालीस का?" आणि मी "रेंज जातेय" म्हणून ठेवते. रेंज जात नव्हती, ताई. मी मुकादम झाले नाही. आता होणारही नाही. झालं एकदाचं लिहून.

दिवाळीनंतर दौलतनाना काय म्हणाले ते तुला माहीत आहेच. यंदा त्यांच्या द्राक्षबागेत मणी विरळायला टोळीला एकराचा एक दर नाही. ज्याची त्याची ओळ, ज्याचे त्याचे पैसे. आणि मी मुकादम. महिन्याचा पगार, पॅकहाउसमागे खोली, खोलीत नळ. तू केवढी ओरडलीस फोनवर! "मी म्हनलं नव्हतं? हात चालव, कुनाकडं बघू नको!" म्हणाली होतीस खरी. आई गेल्यावर तेवढ्या बोलण्यावर तू मला बारावीपर्यंत नेलंस. आणि मला ती खोली हवी होती गं, खोटं कशाला बोलू? दार लावून एकटीने आंघोळ करायची, नुसत्या विचारानेच मी हुरळले होते.

पण टोळीत भांडण जुंपलं. संध्या म्हणाली, "मी दिसभर मान वर करत नाय आन् ह्या म्हाताऱ्या गप्पा हाणतात. मला त्यांच्याएवढंच का?" तिचं चुकतं असं मला आजही म्हणता येत नाही. कुसाबाई म्हणाली, "आज तुझा हात पळतोय. उद्या पोटुशी झालीस म्हंजे?" संध्या लाजली, पण हटली नाही.

मग नानांनी मला बाजूला घेतलं. "हळू हाताच्या बाया आत्ताच वेगळ्या काढ, ललिता. तुझी बहीण पंचवीस तारखेला, सोमवारी येतीये ना केरूच्या जीपने? तिला राहू दे. तिची ओळ जेवढी होईल तेवढी." नाना मनाने वाईट नाहीत. त्यांनी तुला सवलतच दिली होती. पण मला ती घेववेना.

आता खरं लिहिते. पत्र फाडू नकोस, पुरं वाच.

आपल्या टोळीची रीत तूच मला शिकवलीस. जिची ओळ आधी संपेल तिने मागे राहिलेलीच्या ओळीत पलीकडून शिरायचं आणि दोघींनी मधे भेटायचं. पण तुझ्या ओळीत तू कुणाला पाऊल टाकू दिलं नाहीस. "मला कुनाचं फुकट नको." कुसाबाई एकदा शिरली तर कात्री उगारून धावलीस तिच्यावर! म्हणून मागच्या हंगामापासून आम्ही ते चोरून करत होतो. तू मधे पोचायच्या आत पलीकडच्या घडांतले जादा मणी कातरायचे आणि वेलींखालून वाकून पळायचं. कधी मी, कधी लंकाबाई. ही संध्यासुद्धा. तुला वाटायचं, त्या टोकाला घडात मणीच कमी धरतात. नानांना जाऊन सांगितलंस पण, "तिकडं शेणखत टाका." आणि त्या बाबाने टाकलं! आम्ही पदर तोंडात कोंबून हसलो.

मग मी शेडमागे जाऊन रडले. तुला समोरचा घड नीट दिसत नाही, ताई. तू बोटांनी चाचपून कात्री चालवतेस. तू सांगितलं नाहीस आणि मी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी गाठोडं बांधलं असतंस. तुझ्याइतकं राबणारं माणूस मी बघितलेलं नाही. पण डोळ्यांचं काम हातांनी किती करायचं?

ज्याची त्याची ओळ झाली असती, तर सोमवारी तू सगळ्यांदेखत अर्ध्या ओळीत उभी राहिली असतीस, आणि मुकादम म्हणून ती अर्धी ओळ मीच मोजली असती. ते माझ्याने झालं नसतं. मी नानांना नाही म्हटलं आणि काम सोडून बांधावर बसलेल्या कुसाबाईच्या शेजारी जाऊन बसले. मग संध्या सोडून एकेक करत सगळ्याच बसल्या. मणी रोज फुगत होते आणि नानांचा जीव खालीवर. ते नाक्यावर दुसरी टोळी बघायला गेले. ओळीचा दर ऐकून त्या बायांनीही नाही सांगितलं. शेवटी आले, म्हणाले, "उठा बायांनो, एकरावर घ्या." माझी खोली मात्र गेली. वाईट वाटलं, अजूनही वाटतं. संध्या दुसऱ्या बागेत ओळीवर गेली, चांगलं कमावते म्हणे. कमावू दे. जाताना गळ्यात पडून रडली.

बागेत शिरताना नानांनी विचारलं, "कोणकोण आहे, कुसाबाई? नावं सांग." मला वाटलं, तुझं नाव मलाच रेटावं लागेल. मी तोंड उघडायच्या आत कुसाबाईने पहिलंच नाव घेतलं, "भागी."

नाना म्हणाले, "तिला झेपंल का?"

"आमाला झेपंल," कुसाबाई म्हणाली आणि पुढचं नाव घेतलं.

तुला राग येईल. येऊ दे. मला दोन थोबाडीत दे, पण इथे येऊन दे. येताना आधार कार्ड आण, तुला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेणार आहे मी. त्यानंतर दिसलं तर दिसलं, नाही तर नाही. आता मी लपूनछपून शिरणार नाही. सोमवारी बागेत मान वर करशील तेव्हा मी समोरून येत असेन.

तुझ्या शेजारच्या ओळीतली,
ललिता