टिपेश्वरात ठोकलेली आरोळी

प्रिय निकू,

पत्र पाहून दचकू नको, घरी सारे बरे आहेत. तुह्या मायचा गुडघा तेवढा कुरकुर करते, तरी ती कापूस वेचाले जातेच. कोण सांगन तिले! तूर यंदा झकास आहे. फोन काहून नाही केला म्हणशीन, तं फोनवर माहा आवाज आपोआप चढते, हे तुले माहीत आहे. मागच्या खेपेस घरात चढला, तं तू दीड वर्ष झालं पांढरकवड्याले मावशीकडंच आहे. कागदावर कितीई बोंबललो तरी ऐकू येत नाही, म्हून कागद.

तं सांगाची गोष्ट अशी, का परवा बुधवारी मी टिपेश्वर पाह्याले गेलतो. हो, मीच. ज्या जंगलाच्या काठावर जनम गेला, तेच पाह्याले उघड्या जिप्सीत बसून, टुरिस्ट होऊन! पियुषनं बुकिंग करून देल्लं. तुह्या भावाले मी बजावलं होतं, का ताईची सुट्टी बुधवारी राह्यते, तं बुधवारचंच कर. मले तुह्यासमोर याची हिंमत नव्हती, पण तुहं काम पाह्याचं होतं. वाघाच्या मांगं हिंडणारी पोरगी कोण करून घेईन, असं मी तुले बोल्लो होतो ना, ते न पाहताच बोल्लो होतो.

गाडीत संगं नागपूरचं एक कुटुंब होतं, गळ्यात हे मोठे कॅमेरे. गाईड निघाला संघदीप, तुह्यासंगंच ट्रेनिंग घेतलेला. त्याले काय माहीत मी कोण! थंडी अशी का दात वाजून राह्यले होते. पाणवठ्यावर तीस-चाळीस चितळं निवांत उभी. साठ वर्षांत मी चितळ पाह्यलं ते पळतानीच पाह्यलं. उभं राहून पाणी पेतानी पहिल्यांदा पाह्यलं. लय साजरं दिसते वं पोरी.

पुढं रस्त्यावर वाघिणीचे पंजे उमटलेले होते. संघदीप गाडीतूनच वाकून सांगे, का भोवतालच्या मातीवर दव आहे अन् पंजाच्या आत नाही, म्हंजे ती आत्ताच गेली. अन् म्हणे, ही खूण आमच्या निकिताताईनं शिकवली, तिले तिच्या बाबानं शिकवली, वावराच्या बांधा-धुऱ्यावर, रानडुकराच्या खुरावरून. अन् ताई हे दर गाडीतल्या पाहुण्याईले सांगते. निकू, ते आयकून मी मफलर तोंडावर ओढून घेतला. थंडी वाजते म्हणलं. तू पाच वर्षांची होती तवा मायसंगं डबा घेऊन वावरात येत होती, अन् रातच्यानं कोण कोण पीक तुडवून गेलं त्याची सारी हजेरी घेतल्याबिगर घरी जात नव्हती.

अन् मंग मी घोळ केला. झाडावरचं वानर वाघाची चाहूल लागून खाकरलं, गाडी बंद झाली, सारे चिडीचूप. संघदीपनं बोट दाखवलं, झुडपात पिवळं काहीतरी हाललं. तेवढ्यात बाजूच्या गवतातून सात-आठ रोही, टुरिस्टाईच्या भाषेत नीलगाई, धडधडत निघाले. आता मी चाळीस वर्षं रातच्यानं पीक राखाले वावरात जागल केलेला माणूस! रोही दिसला का अंगात येते. सीटवर उभा झालो अन् पोटातून आरोळी ठोकली, हुर्र्या, हुर्र्या, हुर्र्या! मफलर गरगरा फिरवला. रोही पळाले, वानरं पळाले, वाघीण तं कुठल्या कुठं. नागपूरच्या बाई माह्याकडं अशा पाहून राह्यल्या होत्या, का जसा मीच त्याईचा वाघ खाल्ला.

गेटवर त्याईनं तक्रार केली, का गाईडनं गोंगाट होऊ देल्ला. संघदीप मान खाली घालून उभा, पण माह्याकडं बोट नाही दाखवलं त्यानं. त्याचं काम जाते का काय, असं वाटलं. मंग मी पुढं झालो, कागद मागतला अन् लिहून देल्लं का चूक माही आहे, पोराची नाही. खाली नाव टाकलं, गाव टाकलं. आडनाव पाहून गेटवरच्या साहेबानं विचारलं, निकिता तुमची कोण. निकू, दीड वर्षं मी गावात सांगून राह्यलो होतो, का पोरगी यवतमाळले कॉम्प्युटर शिकते. तिथं मात्र साऱ्या टुरिस्टाईसमोर मोठ्यानं म्हणलं, का माही पोरगी आहे, अन् इथली गाईड आहे. संघदीपले समज देऊन सोडलं. संध्याकाळी पानठेल्यावर गावातल्या मारोतरावलेई खरं सांगून टाकलं. तं तो म्हणे, का साऱ्या गावाले केव्हाचंच माहीत आहे, तुमच्या तोंडून आयकाची वाट पाहून राह्यलो होतो!

आता पत्र कायले लिवलं ते सांगतो. येत्या रविवारच्या गाडीत पियुषनं दोन जागा घेतल्या, माही अन् तुह्या मायची. गाईड मागून भेटत नाही, नंबरानं येते, हे मले समजलं. पण संघदीप म्हणते, तू हो म्हणली तं तो तुह्यासंगं नंबर बदलून घेईन, म्हून हे पत्र त्याच्याच हातानं पाठवून राह्यलो. त्या दिवशी मी जे बोल्लो ते चुकलं, बाई. लय चुकलं. तुह्या मनात नसन तं नंबर बदलू नको, मी रागावणार नाही, संघदीपच्याच गाडीत बसीन. पण बदलला, तं मी मफलर तोंडाले बांधून येतो. तू फक्त सांगजो, कोणीकडं पाह्याचं.

तुहाच, आरोळी ठोकणारा,
बाबा