आवाज भरायचा राहिला

प्रिय खिळ्या,

तुला या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलंय की नाही, ठाऊक नाही. बोटीवर सगळे साहेब म्हणत असतील. पण माझ्याने दुसरं नाव लिहवत नाही. उंच, वाळलेला, वरून सपाट केस कापलेला तू गिटार घेऊन लाँड्रीच्या दारात उभा राहिलास आणि दादा ओरडला, "धाकटे, बघ, खिळा आलाय, आता फक्त हातोडी शोधायची!" मी ड्रम बडवायचे, म्हणून हातोडी मीच असं पुढे ठरून गेलं. तुझं कार्ड मिळालं. बोटीवरची शीतगृहं तूच सांभाळतोस, थंडीने बोटं आखडतात, गिटार धरवत नाही, असं लिहिलंयस. बोटांना जरा तेल चोळत जा रे. हसू नकोस, माझ्या मनगटांना मी रोज चोळते.

आधी बातमी. आपल्या 'बोंब' बँडची सगळी रेकॉर्डिंगं एकत्र निघतायत. एक रेकॉर्डवाला आहे, पोट सुटलेला, दोन मुलांचा बाप. शाळेत असताना त्याने आपली पहिली कॅसेट कुणाकडून तरी ढापली होती म्हणे, आणि तेव्हापासून त्याचं डोकं फिरलेलं आहे. शोधत शोधत तो आमच्या चष्म्याच्या दुकानात आला. मी एका आजोबांच्या नाकावर फ्रेम बसवत होते, तेवढ्यात हा दारातूनच म्हणाला, "मॅडम, 'बोंब'च्या ड्रमर तुम्हीच का?" आजोबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना नीट दिसत होतं. मग आम्ही जुनं सगळं बाहेर काढलं. काही आपल्या बेसवाल्या मास्तरच्या माळ्यावर होतं, काही दादाच्या पलंगाखाली. ऐकता ऐकता मला तुला कितीतरी सांगावंसं वाटलं.

पहिल्या कॅसेटवर प्रत्येक गाण्यामागे एक घरघर आहे. रेकॉर्डवाल्याला वाटलं, आपण मुद्दाम केलेला काहीतरी प्रयोग असणार. मी म्हटलं, अहो, ते हॉटेलच्या चादरी वाळवायचं मशीन आहे. सुट्टीच्या दिवशी मालक गावाला गेले की दादा लाँड्रीची मागची खोली आपल्याला उघडून द्यायचा, पण काम अंगावर असायचंच. माझ्या मोठ्या ड्रममध्ये आपण टॉवेल कोंबले होते आणि सोमवारी ते तसेच हॉटेलला परत गेले, आठवतं? आईने कॅसेट हातात घेऊन उलटसुलट पाहिली होती. "नाव तरी बरं ठेवायचं. लोकांनी विचारलं मुलं काय करतात, तर मी काय सांगू? बोंब मारतात?" आणि मग मावशीला फोन करून अगदी तेच सांगितलं होतं तिने, पण केवढ्या तोऱ्यात!

मग ती चार गाण्यांची छोटी रेकॉर्ड. मास्तर शाळेत मुलांना भूमिती शिकवायचा आणि इथे त्यानेच कव्हरची स्टेन्सिल उलटी कापली. आमच्या स्वयंपाकघरात ओट्यापासून दारापर्यंत दोऱ्यांवर कव्हरं वाळत होती आणि सगळ्यांवर अक्षरं उलटी. तूच म्हणालास, फेकायची नाहीत, "आरशात पाहून वाचा" म्हणून विकू. रेकॉर्डवाला सांगतो की ज्यांच्याकडे ती उलटी प्रत आहे ते आता कुणाला हातसुद्धा लावू देत नाहीत.

'शेजाऱ्यांची तक्रार' ही मोठी रेकॉर्ड मात्र खऱ्या स्टुडिओत झाली. ते कानात कापूस घालून बसलेले रेकॉर्डिंगवाले काका! आपण जीव खाऊन पहिलं गाणं वाजवलं, संपवलं, घामाघूम होऊन थांबलो, तर ते काचेपलीकडून म्हणाले, "छान. तयारी झाली असेल तर आता गाणं सुरू करा." दादा हसत हसत जमिनीवर आडवा झाला होता. ते हसू त्या गाण्याच्या शेवटी टेपवर तसंच राहिलंय. मी रेकॉर्डवाल्याला सांगितलं, बाकी काहीही साफ कर, तेवढं पुसू नकोस.

आणि मग ती शेवटची सहा गाणी. आपण तिघांनी वाजवून ठेवली. दादाला सर्दी झाली होती, म्हणून आवाज नंतर भरू म्हणालो. तेवढ्यात तुझं बोटीवरच्या नोकरीचं पत्र आलं. सामान आवरताना माझ्या ड्रमच्या स्टँडचा स्क्रू आवळत, माझ्याकडे न बघता तू विचारलंस, "येतेस?" मी म्हटलं, "आधी आवाज तर भरू दे." दोघंही हसलो. तो विषय तिथेच राहिला. मला वाटलं होतं, तू पुन्हा एकदा विचारशील. तुला वाटलं असेल, मी उत्तर देऊन टाकलं. यात कुणाचं चुकलं असं मला वाटत नाही. तेव्हा वेळ भरपूर आहे असं वाटायचं, एवढंच.

तू गेलास, त्यानंतर ती गाणी कुणी काढली नाहीत. दादाचं लग्न झालं. वहिनी बस चालवते, हे तुला माहीत आहे. सगळ्या शहराला ब्रेक लावणारी ही एकच बाई, असं दादा म्हणायचा. मग मुंगी झाली. खरं नाव शाळेपुरतं, घरात मुंगीच, कारण रांगायला लागली तीच साखरेच्या डब्याच्या दिशेने.

इथून पुढचं तुला कुणी सांगितलेलं नाही. दादाचा घसा बसला. आम्ही सगळे हसलो. एवढी वर्षं बोंबलल्यावर बसणार नाही तर काय? तो गुळण्या करत राहिला, काउंटरवर खुणा करून गिऱ्हाइकांना हसवत राहिला. शेवटी वहिनीने त्याला ओढत दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाईंनी नीट बसवून सांगितलं की गाठ आहे, आणि ती काढायची तर स्वरयंत्रच काढावं लागेल. त्यानंतर बोलणं नाही. दादा म्हणाला, "मग मी भांडू कसा हिच्याशी?" वहिनी तिथे हसली. बाहेर येऊन बसस्टॉपवरच्या बाकावर बसली ती उठेचना. तिच्याच मार्गाच्या दोन बस आल्या आणि गेल्या.

ऑपरेशनच्या आधी दादाच्या डोक्यात एकच. त्या सहा गाण्यांत आवाज भरायचा. आणि घरात भांडण पेटलं, माझ्यासमोर. वहिनी म्हणाली, "आहे तेवढा आवाज ओरडून संपवशील. मुंगीसाठी काय ठेवणार? तिला चार गोष्टी वाचून दाखव, त्या टेप कर." दादा म्हणाला, "गाणी ऐकून कळेल तिला बाप कोण होता ते." वहिनी म्हणाली, "तिला बाप कोण होता हे नकोय रे. तिला बाप हवाय." मी कपबशा विसळत राहिले. मला दोघांचंही पटत होतं, खिळ्या, आणि तेच असह्य होतं.

मास्तरने त्याच्या शाळेची संगीताची खोली मिळवली. दुपारची वेळ, खाली मैदानात मुलांचा कल्ला, खिडक्यांना आम्ही गाद्या लावलेल्या. दादाने हेडफोन चढवले आणि पहिलं गाणं म्हटलं. कसं सांगू तुला? तो पूर्वीचा आवाज नव्हताच. पत्र्यावरून खुर्ची ओढत न्यावी तसा होता, मधेच तुटायचा, पुन्हा कुठून तरी वर यायचा. पण एकही शब्द त्याने सोडला नाही. मानेच्या शिरा ताठ, डोळ्यांत पाणी, आणि शेवटच्या ओळीला तर तो चक्क हसत होता. गाणं संपलं तेव्हा मास्तर भिंतीकडे तोंड करून उभा होता.

दुसरं गाणं सुरू केलं. त्याची सुरुवात तुझ्या गिटारने आहे. दादा ती ऐकत राहिला. गायची जागा आली आणि गेली, त्याने तोंड उघडलं नाही. हेडफोन काढून हातात धरले आणि म्हणाला, "गाणी थांबव. टेप चालू राहू दे." मग दार उघडून वहिनीला आत बोलावलं. ती कामावरून थेट आली होती, बसच्या गणवेशात, रागाने आत न येता बाहेरच थांबली होती. ती येऊन खाली जमिनीवर बसली. आणि दादा माइकपाशी जाऊन बोलायला लागला. "मुंगे, ऊठ, उशीर झाला. अगं, दप्तर तिथेच राहिलं. चप्पल घाल, पाय भाजतील. नीट जेव. आईशी उलटं बोलू नकोस, ते काम माझं. कितीला परत येणार? कोण आहे हा मुलगा? बरं, असू दे, आत तर ये म्हणावं. पोहोचलीस की फोन कर. झोप लागत नाही का? मी आहे जागा." असं किती तरी वेळ. ती लहान असतानाचं, ती मोठी होईल तेव्हाचं, जे त्याला पुढे कधी म्हणता येणार नव्हतं ते सगळं. आवाज बारीक होत गेला, मग नुसती कुजबुज, मग ओठ हलत होते आणि टेपवर काही येत नव्हतं. तरी आम्ही कुणीही बटण दाबलं नाही.

ऑपरेशन नीट झालं. दादा घरी आला आणि मुंगीने त्याला आपली पाटी दिली. तो लिहायचा, ती वाचून दाखवायची, आणि अधूनमधून स्वतःच्या फायद्याचं वाचायची. "बाबा म्हणतायत, आज अभ्यास नको." तो लाँड्रीतही जायला लागला. तुझी कार्डं आली की काउंटरमागे लावायचा. मी विचारलं, खिळ्याला कळवू का? त्याने पाटीवर लिहिलं, "नको. त्याच्या डोक्यात मी अजून ओरडतोय. ओरडू दे." मला राग आला होता त्याचा. पण मोठ्या भावाचा शब्द, आणि तोही खडूने लिहिलेला, मला मोडवला नाही.

रेकॉर्डवाला आला तो त्याच सुमारास. उरलेल्या पाच गाण्यांत दुसऱ्या कुणाचा आवाज भरू या का, असं त्याने भीत भीत विचारलं. मास्तर तयारही झाला. दादाने पाटी पुसून मोठ्या अक्षरांत लिहिलं, "कुणी गाणार नाही. ज्याला बोंबलायचंय त्याने आपापल्या घरी बोंबलावं." त्यामुळे ती पाच गाणी तशीच आहेत, तू, मी आणि मास्तर. ऐकताना फार चमत्कारिक वाटतं. आपण तिघं मेजवानी मांडून कुणाची तरी वाट बघत बसलोय, असं वाटतं. आणि ते बोलणं? ते त्या संचात नाही. रेकॉर्डवाल्याने विषय काढायच्या आतच मुंगी म्हणाली, "ते माझं आहे." त्याने मान डोलावली आणि पुन्हा कधी विचारलं नाही.

काल रेकॉर्डी छापून आल्या. खोकं दुकानातच उघडलं. कव्हर सुंदर झालंय, लाँड्रीच्या दारातला तो आपला चौघांचा फोटो, तू डोळे मिटलेले. मागच्या बाजूला चौघांची नावं आहेत, आणि दादाच्या नावाखाली बारीक अक्षरांत दोन सालं छापलीयत, मधे एक आडवी रेघ. तुझी प्रत लवकरच निघेल. तू ती हातात घेणार, फोटो बघून हसणार आणि मग उलटी करणार. ते तसं व्हायला नको, म्हणून हे पत्र तिच्या आधी धाडतेय. दादा गेला, खिळ्या. गाठ परत आली होती, या वेळी खोलवर. फार दिवस अंथरुणात नव्हता. सकाळी गेला, मुंगीची वेणी वहिनी घालत होती आणि तो पलंगावरून बघत होता. तुला हे एवढंसं वाक्य लिहायला मला एवढी पानं लागली. पार्सल आलं की एकटा असताना उघडू नकोस. तिथे कुणी आहे ना रे तुझ्याजवळ?

तुझीच,
धाकटी