कोचबाई चहाला आल्या तेव्हा

आई,

तू असतीस तर आज साउथहॅम्प्टनला येऊन मी तुझ्याशी कडाडून भांडले असते. आता ती सोय उरली नाही, म्हणून लिहितेय. तुला जाऊन बरीच वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत मी तुझ्यावर मनापासून कधी रागावलेच नव्हते. त्याचाही आता राग येतोय.

आपलं किचन आठवतं मला. तू हॉस्पिटलमध्ये फिजिओंची मॅनेजर होतीस, इंटरव्ह्यूच्या पॅनेलवर बसायचीस, म्हणून पुण्या-मुंबईहून नव्याने आलेली मुलंमुली शनिवारी तुझ्याकडे यायची. तू त्यांना पोहे खायला घालायचीस आणि लुटुपुटीचा इंटरव्ह्यू घ्यायचीस. एखादा बिचारा म्हणायचा, “आम्ही तिथे नवीन वॉर्ड सुरू केला,” की तू डाव आपटायचीस. “आम्ही म्हणजे कोण? सगळी पलटण गेली होती का? मी म्हणा, मी! लाजाल तर घरी जाल.” मी कोपऱ्यात बसून माझे गोलकीपरचे पॅड पुसत असायचे आणि मनात म्हणायचे, माझ्या आईसारखी हुशार बाई अख्ख्या हॅम्पशायरमध्ये नाही.

म्हणूनच खेळाच्या जोरावर अमेरिकेत शिकायला जाण्यासाठी तिथल्या कॉलेजच्या हॉकी कोचना लिहायची वेळ आली तेव्हा मी सगळं तू शिकवलंस तसंच केलं. ईमेल स्वतः लिहिली, तुला हात लावू दिला नाही. व्हिडिओत छान अडवलेले गोल होते, तसे माझ्या चुकीने झालेले दोन गोलही ठेवले, कारण नुसतं चांगलं दाखवलं की पॅनेलला संशय येतो, हे तुझंच म्हणणं. आणि एका कोचबाईंचं उत्तर आलं. त्या खेळाडू बघायला इंग्लंडला येणार होत्या. आल्या, माझी मॅच पाहिली आणि म्हणाल्या, आता घरच्यांना भेटायचंय.

तू बटाटेवडे केलेस. बाबांना जाऊन तेव्हा वर्षच झालं होतं, त्यांची खुर्ची तू कोचबाईंना दिलीस. त्यांनी वड्याचं कौतुक केलं, मला दोन-चार प्रश्न विचारले, मग तुझ्याकडे वळून म्हणाल्या, तुम्ही हिला रोज बघता, हिच्याबद्दल मला काय माहीत असायला हवं? तू पदर नसताना पदर सावरल्यासारखी हसलीस. “ओह, शी इज ऑल राइट. नथिंग स्पेशल, रिअली. शी गेट्स बोअर्ड व्हेरी क्विकली. दोन दिवस घराबाहेर राहिली की रडते,” हे शेवटचंही तू इंग्रजीत सांगितलंस, अगदी गोड आवाजात. मी टेबलाखालून तुला पाय मारला. कोचबाईंनी मान हलवली, चहा संपवला, आणि काही दिवसांनी कळवलं की त्यांनी दुसरी गोलकीपर घेतली.

मी घर डोक्यावर घेतलं होतं. “असं का बोललीस?” तर तू म्हणालीस, “अगं, आपल्याच मुलीचं आपल्याच तोंडाने कौतुक कसं करायचं? दृष्ट लागते.” पुढच्या आठवड्यात तू मला नवीन हेल्मेट आणून दिलंस. मला तुझी दयाच आली. वाटलं, एवढी वर्षं इथे काढली, दुसऱ्यांना शिकवलं, पण स्वतःच्या लेकीची वेळ आली की बाई मीठमोहऱ्यांवाली आईच राहिली. मी साउथहॅम्प्टनलाच युनिव्हर्सिटीत गेले, घरी राहिले. तू माझ्या प्रत्येक मॅचला थर्मास घेऊन यायचीस.

आता मी लंडनला ईलिंगच्या एका शाळेत खेळ शिकवते. ज्या मुलांना खेळाच्या जोरावर अमेरिकेत शिकायला जायचंय, त्यांच्यासाठी आणि आईबापांसाठी शनिवारी एक सेशन घेते. ईमेल तुमची तुम्ही लिहा, हरल्यावर मैदानाबाहेर कसे येता तेही कोच बघतात, असलं सगळं सांगते. आणि मग तुझी गोष्ट. भोळी आई, बटाटेवडे, दृष्ट. लोक खळखळून हसतात. माझा हुकमी एक्का आहेस तू.

गेल्या महिन्यात तुझ्या मैत्रिणीकडे, आपल्या गल्लीतल्या काकूंकडे, जेवायला गेले होते. हीच गोष्ट रंगवून सांगितली. काकू हसल्या नाहीत. म्हणाल्या, “अगं, तुला खरंच माहीत नाही? ती त्याच संध्याकाळी माझ्याकडे आली होती. म्हणाली, काय बोललं की माणसाला घेत नाहीत, ते पॅनेलवर बसून पक्कं कळतं. तेवढंच बोलले. आता पोरगी कुठे जात नाही.” मी म्हटलं, “काकू, तुम्ही मला कधीच कसं सांगितलं नाहीत?” त्या म्हणाल्या, “मला वाटलं, तुमचं आपसात बोलून झालं असेल.”

एकटी राहायची भीती वाटत होती ना तुला? मग म्हणायचंस तसं. मी आदळआपट केली असती, चार दिवस बोलले नसते, पण कदाचित राहिलेही असते. निदान ते माझं राहणं असतं. दुसऱ्यांच्या मुलांना मी म्हणा, मी म्हणा, असं ओरडून सांगणारी तू, माझा ‘मी’ मला न विचारता खाऊन टाकलास. आणि वर हेल्मेट! ते मी किती जपलं होतं, आई.

काल पुन्हा सेशन होतं. खरं काय ते सांगायचं ठरवूनच गेले होते. एक मुलगी उठली, मोडक्या मराठीत म्हणाली, “मिस, कोचच्या कॉलवर माझा मम्मी पण बोलणार. इट्स ओके ना?” शेजारी तिची आई खाली मान घालून बसलेली. म्हटलं, हीच वेळ. तोंड उघडलं, आणि जुनीच गोष्ट सांगितली. भोळी आई, वडे, दृष्ट, सगळं साग्रसंगीत. ती आईसुद्धा हसली.

हे लिहिलेलं कुठे पाठवायचं नाही, तेच बरं. वाचलं असतंस तर जिंकल्यासारखी हसली असतीस. राग आहे, अजून तसाच आहे. पण त्या हॉलमध्ये तुला कुणी वाईट म्हटलं असतं, तर मला ते ऐकवलं नसतं.