हापेच्या स्टेशनात दादा

शनिवार, १४ नोव्हेंबर
उतरले! शेवटी जमिनीखालच्या स्टेशनात उतरले. कौमुदी हॉस्पिटलात ड्यूटीवर. "आई, एकटी जाऊ नकोस हं, मी उद्या नेते," म्हणाली होती. उद्यापर्यंत कोण थांबतंय! अधू पायाचा कॅलिपर नीट बांधला, काठी घेतली, आमच्या मनुरेवाहून गाडी पकडली.

वर दुकानं, बसगाड्या – आणि खाली हे! छतभर माओरी नक्षी, दिव्यांच्या रेघा. मान वर करून बघत राहिले, गाडी निघून गेली. दुसरीही सोडली. वाइहोरोतिऊ हे स्टेशनचं नाव एका ओढ्याचं म्हणे. वरच्या हमरस्त्याच्या, क्वीन स्ट्रीटच्या खालून तो अजून वाहतो. ऐकू येतो का म्हणून भिंतीला कान लावला. एका मुलीने बोट करून मला तिच्या आईला दाखवलं. दाखवू दे.

रविवार, १५ नोव्हेंबर
लेकीने बोलणी ऐकवली. "तिथे हीप्स लोक असतात, धक्का लागला म्हणजे?" हीप्स म्हणजे इथल्या भाषेत ढीगभर. म्हटलं, याच पायाने सहा दशकं पडतेय, पडायचं कसं ते मला येतं.

मंगळवार, १७ नोव्हेंबर
आज पुढचं स्टेशन, कारंगा-आ-हापे. केवढं खोल! सरकत्या जिन्याच्या तोंडाशी थबकले. लिफ्ट होती, पण मला जिन्यानेच जायचं होतं. पिवळ्या जाकिटातली स्टेशनची बाई आली, आरोहा तिचं नाव. "किआ ओरा! घाई नाही," असा माओरीत नमस्कार करून म्हणाली आणि माझ्या खालच्या पायरीवर माझ्याकडे तोंड करून उभी राहिली. तळापर्यंत हलली नाही.

हापे कोण, विचारलं. म्हणाली – वाकड्या पायांचा माणूस. त्याचे लोक होडीतून या देशाकडे निघाले, याला मागेच ठेवलं. तर हा पाकट माशाच्या पाठीवर बसून समुद्र ओलांडून आला. सगळ्यांच्या आधी! होडी दिसली तेव्हा टेकडीवरून हाक मारली, या म्हणून. ती हाक म्हणजे कारंगा.

"रागावला नव्हता?"
आरोहा हसली. "ते कोणी सांगत नाही."

बुधवार, १८ नोव्हेंबर
झोप नीट नाही. मलाही मागे ठेवलं होतं. सात वर्षांची होते. अण्णांची बदली दिल्लीला. आई म्हणाली, "घर तिसऱ्या मजल्यावर आहे, दमूला जिने झेपायचे नाहीत." मी चार वर्षं सांगलीला आत्याकडे. दादा मात्र त्यांच्याबरोबर गेला. त्याच्यावर कधी रागावले नाही – तोही पोरच, अकरा वर्षांचा. आईला माफ केलं नाही.

दादाला त्याच्या गावी, लोअर हटला फोन केला. "एक स्टेशन दाखवायचंय. येतोस?"
"शुक्रवारी येतो," म्हणाला. का, कशाला, काही नाही!

शुक्रवार, २० नोव्हेंबर
दादा आला. गुडघा धरून चालतो. म्हटलं, आता जोडी जमली!

शनिवार, २१ नोव्हेंबर
दादाला घेऊन गेले. सत्तरीच्या जवळचा माणूस, पण आ वासून छत बघत होता. हा दगड कुठला, एवढं पाणी अडवलं कसं – प्रश्नच प्रश्न. मग बाकावर बसून त्याला हापेची गोष्ट सांगितली. "मागे ठेवलं" म्हटलं आणि त्याने चष्मा काढला. पुसतच राहिला. घरी आल्यावर जेवलाही नाही. गुडघा दुखत असेल.

रविवार, २२ नोव्हेंबर
सकाळी चहा घेताना दादा म्हणाला, "जिन्यांचं खोटं होतं, दमू. मी हट्ट धरला होता. नव्या शाळेतली मुलं हसतील, ती आली तर मी येणार नाही म्हणून. दोन दिवस उपाशी राहिलो. आई तुझ्यासाठी भांडली. अण्णांनी माझं ऐकलं."

आईने मरेपर्यंत माझे टोमणे ऐकले. त्याचं नाव एकदाही घेतलं नाही. तिच्या शेवटच्या आजारात मी मुद्दाम चार दिवस उशिरा गेले होते.

दादा मागच्या अंगणात बसलाय. मला आई हवीय.