सनोबरचा डोळा

मुझफ्फर,

तुझ्या लेकीच्या, सनोबरच्या कपाळाच्या पोकळीत हाडाची गाठ वाढली, तिनेच डोळा बाहेर ढकलला. डॉक्टर म्हणाले, गाठ कॅन्सरची नाही, पण काढली नाही तर नजर जाईल. तू कुवेतहून सांगितलंस, भुवईवर व्रण राहील, आधी निकाह होऊ दे. म्हणून डोळ्यावर ओढणी घेऊन मुलाकडच्यांना फोटो पाठवले.

मागच्या जुम्याला पोरगी म्हणाली, "दादी, ह्या डोळ्यान तुजा तोंड दिसना नाय."

"बघण्यासारखा काय आसा त्यात?" मी म्हटलं, आणि देवबागहून मुलाकडच्यांना बोलावून डोळा दाखवला. चहा पिऊन गेले, ते गेलेच.

उद्या ऑपरेशन आहे. गेलेली नजर परत येईलच असं नाही, म्हणतात. हे पत्र आज मोबाईलवर पाठवत नाही. तू फोनवर तिला रडवशील. आज तिला झोपू दे.

तुझी आई,
खैरुन्निसा