केदारनाथशेठच्या घरात आलेली कारखान्याची गादी

चौसाळा,
सोमवार, ८ फेब्रुवारी १९९९

चि. बसवेश्वर भाऊजी यांस,

तुमचे सांत्वनाचे पत्र शनिवारी पोचले. तुमचे दादा जिवंत आहेत. पत्र पोस्टमनच्या हातून त्यांनीच घेतले, त्यांनीच फोडले आणि चष्मा लावून शेवटच्या ओळीपर्यंत वाचले. म्हणून हे लिहावे लागत आहे. आधी फोन करून पाहिला. नाक्यावरच्या बूथवरून तुमच्या औरंगाबादच्या दुकानात लावला, तर तुमच्या नोकराने "शेठ दुःखात हायेत, मागून करा" असे सांगितले. मी केदारनाथशेठची बायको बोलते आहे म्हटल्यावर तो रडू लागला आणि त्याने फोन ठेवून दिला. (नोकर मायाळू आहे. फोनवर बसवू नका.)

आता रीतीप्रमाणे. वहिनीचा आशीर्वाद. महानंदाचे गुडघे कसे आहेत, तुमची साखर आटोक्यात आहे ना, मुले अभ्यास करतात की नुसती क्लासला जातात, ते कळवणे. इकडे सर्व क्षेम आहे असे पुढे लिहितात. इकडे क्षेम नाही. पण तुम्हाला कळवले गेले तितके वाईटही नाही.

दादांच्या पाठीचे दुखणे तुमच्या कानावर असेलच. ते वयाचे नाही. गाठ मणक्यात उतरली आहे आणि आता कापाकापीत अर्थ नाही, असे बीडच्या डॉक्टरांनी मला व्हरांड्यात नेऊन सांगितले. (व्हरांड्यात नेऊन उपयोग झाला नाही. दादांचे कान शाबूत आहेत.) डॉक्टर म्हणाले, आता झोप मिळाली तरी पुष्कळ. घरच्या कापसाच्या गादीला मधोमध खड्डा पडला आहे, कंबर त्यात बुडते, खुब्याच्या हाडावर जखम धरू लागली आहे. पाठीला खालून आधार देईल आणि हाडाला वरून टोचणार नाही, अशी गादी आणा. ज्या माणसाने जन्मभर सगळ्या चौसाळ्याला गाद्या करून घातल्या, त्याला स्वतःच्या गादीतला खड्डा गाठीपेक्षा जास्त लागला. दुकानातल्या सटवाला बोलावून त्यांनी कापूस पुन्हा पिंजून आणवला, खुर्चीत बसून एकेक टाका त्याच्याकडून घालून घेतला, आणि त्या गादीवरही ते कण्हतच राहिले. त्यांना झोप नाही म्हणून मलाही नाही. मी मुलींच्या शाळेची हेडबाई होते, रडणाऱ्याला गप्प करता येते मला. कण्हणाऱ्याला करता येत नाही.

तुम्ही कारखान्याच्या गाद्यांची एजन्सी घेतलीत तेव्हा दादा म्हणाले होते की गादीवाल्याच्या पोटी जन्मून हा स्पंज विकणार. तुम्ही म्हणाला होतात की कापसाचे दिवस गेले. तेव्हापासून दोघांचे बोलणे बंद. मी मध्ये पडले नाही, कारण दोघांचेही चुकत होते आणि दोघांनाही ते सांगून झाले होते. पण या घरात कारखान्याची गादी येणार नाही, हे दादांचे वाक्य बीडच्या बाजारात सगळ्यांना पाठ आहे, आणि पुढचा सगळा घोटाळा त्या वाक्याने केला आहे.

मी दादांना न सांगता बीडला गेले. त्रिंबकशेठच्या दुकानात शिरले आणि म्हटले, गादी दाखवा. त्रिंबकशेठ उभेच राहिले. मग हात जोडून म्हणाले, "वहिनी, फार वाईट झालं." मला वाटले, दुखण्याबद्दल बोलत आहेत. मी म्हटले, व्हायचे ते झाले, हाल बघवत नव्हते म्हणून आले. त्यांनी मान हलवली आणि कोपऱ्यातून एक बोटभर जाडीची, लाल फुलांची गादी काढली. ही मी ओळखते. तेराव्याला शय्यादानात गुरुजींना देण्यासाठी दुकानदार मुद्दाम ठेवतात, तीत आत चिंध्या असतात आणि गुरुजीही तीवर झोपत नाहीत. मी रागावले. म्हटले, त्रिंबकशेठ, ही असली नको, माणसाला खरोखर झोप लागेल अशी पाहिजे. तर ते नोकराकडे वळून म्हणाले, "बघ बे, दान असं देतेत!"

हे मला मागून टेम्पोवाल्याने सांगितले; तेव्हाच ऐकले असते तर तिथेच उलगडा झाला असता. पण तेव्हा मी पलीकडे आडवी झाले होते. होय. गादी हाताने दाबून कळत नाही, पाठीने कळते, हे तुमच्या दादांचेच म्हणणे आहे, म्हणून मी पदर खोचला आणि भर दुकानात एकेका गादीवर झोपून पाहिले. नुसत्या फोमच्या गादीने मला गिळले; तीतून उठायला त्रिंबकशेठच्या नोकराचा हात घ्यावा लागला. काथ्याची गादी म्हणजे शाळेचा बाक. नुसत्या स्प्रिंगांची कूस बदलली की बोलते, आणि आमच्या घरी कण्हणारे एक माणूस आहेच. शेवटी एक सापडली: खाली स्प्रिंगा, मधे काथ्याचा थर, वर जाड फोम. तीवर कंबर बुडत नव्हती आणि हाडही टोचत नव्हते. मी दोन्ही कुशींवर झोपले, उताणी झोपले, आणि (हे महानंदाला सांगू नका) क्षणभर माझा डोळा लागला. उठले तेव्हा गिऱ्हाइके भिंतीला लागून गप्प उभी होती आणि एक म्हातारी डोळे पुसत होती.

तुम्ही विचाराल, माझ्या कपाळावरचे कुंकू कोणालाच दिसले नाही का? दिसले. नोकराने विचारलेही. त्रिंबकशेठ त्याला म्हणाले म्हणे, "शिकलेल्या बाया न्हाईत पुसत." माझ्या बी.ए.चा या जिल्ह्यात असा उपयोग होईल असे मला वाटले नव्हते. बाकी त्यांचा हिशेब सरळ होता: केदारनाथशेठच्या घरात कारखान्याची गादी चालली आहे, त्या अर्थी केदारनाथशेठ नाहीत. मी दुकानाच्या पायऱ्या उतरले आणि त्यांनी पुढचा माल सांगायला तुम्हाला फोन लावला. पुढचे तुम्हाला माहीत आहे.

टेम्पो दुसऱ्या दिवशी आला. चालवणारा धुळाजी नावाचा भला माणूस आहे. त्याने नाक्यावर "मयत केदारनाथशेठचं घर कोणतं" असे विचारले. टेम्पो आमच्या दारी लागायच्या आत गल्ली जमली. टोप्या काढून चौघांनी गादी खांद्यावर आत आणली. शेजारच्या वत्सलाबाई गळा काढून आल्या, उंबऱ्यात बसल्या आणि गुडघ्यात डोके घातले. आतून दादांनी विचारले, "कोण गेलं हो वत्सलाबाई?" वत्सलाबाई हुंदक्यातच म्हणाल्या, "तुमीच की वो!" मग त्यांनी मान वर केली. शुद्धीवर आल्यावर त्या माझ्यावरच चिडल्या, "आदी सांगायचं न्हाई व्हय? पिठलं-भाकरी करून बसले की मी!" दुःखाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून गल्लीने रांधले होते. दादा म्हणाले, माझ्या नावाचे आहे ना, मग आणा. कित्येक दिवसांनी ते पोटभर जेवले. (वत्सलाबाईंच्या पिठल्यात मीठ कमी असते. त्या दिवशी ते दादांना बरोबर लागले, यावरून प्रकृतीचा अंदाज घ्यावा.)

गादीवर मात्र झोपेनात. कोपऱ्यावरची चिठ्ठी वाचली, तीवर तुमच्या एजन्सीचे नाव. मी निवडताना ती वाचली नव्हती. वाचली असती तरी तीच घेतली असती. दादांनी कात्री मागितली, सटवाकडून एका कडेची शिवण उसवून घेतली आणि हात घालून आत चाचपत बसले. जनावराच्या डॉक्टरांसारखे. "कापूस बोटभर न्हाई," म्हणाले. सटवा म्हणाला, "पन मालक, तार लई चांगली हाय." सटवाशीही त्यांनी दिवसभर बोलणे बंद ठेवले. गादी भिंतीला उभी, कडेने आतडे बाहेर, आणि दादा त्या जुन्या कापसावर दात आवळून. मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासली. बोलले असते तर वाईट बोलले असते.

अशात तुमचे पत्र आले. त्यात तुम्ही लिहिले आहे की दादांना तोंड दाखवायचे धाडस झाले नाही. की दुकानात लोकांना फोम विकता, पण घरी आजही दादांनी तुमच्या लग्नात करून दिलेल्या गादीवरच झोपता, दुसरीवर डोळा लागत नाही. आणि हे त्यांना एकदा सांगायचे राहून गेले. राहून गेले नाही. सांगितलेत. दादांनी पत्र घडी करून बंडीच्या खिशात ठेवले. मग सटवाला हाक मारून म्हणाले, "तो बश्या माझ्या गादीवर झोपतो म्हणं. मग मी त्याच्या गादीवर झोपलो तर कोनाच्या बापाचं काय जातंय? घे दाभण. शिव ती." सटवाने शिवली. आम्ही दोघांनी त्यांना उचलून वर ठेवले. त्यांनी कूस बदलून आवाज येतो का ते ऐकले, येत नाही म्हटल्यावर थोडे नाराज झाले, आणि झोपले. भर दुपारी, तोंड उघडे टाकून, न कण्हता. घर इतके शांत झाले की मला वाटले, तुमचे पत्र खरे ठरले. मी नाकाखाली हात धरला. डोळे न उघडता म्हणाले, "मास्तरीणबाई, हजेरी झाली असेल तर हात काढा."

महानंदाला व मुलांना आशीर्वाद. कळावे.

तुमची वहिनी,
रुद्राणी

ता. क. दहाव्याला येतो असे लिहिले आहे. दहावा नाही. दादांना विचारले, ते म्हणाले, तारीख अजून ठरलेली नाही. डोक्यावरचे केस अद्याप दिले नसतील तर देऊ नका.

ता. क. दुसरा. त्रिंबकशेठची तक्रार करायला हे पत्र लिहिलेले नाही. डॉक्टरांकडे मी दिवाळीचे नाव काढले, तेव्हा ते खिडकीबाहेर बघू लागले. गादी चांगली आहे, पण दर थोड्या वेळाने त्यांना कुशीवर वळवावे लागतेच, आणि ते एका माणसाचे काम नाही. सटवा संध्याकाळी घरी जातो. माझे हात आता थरथरतात, हे मी त्यांना कळू दिलेले नाही. दुकान महानंदावर सोपवा आणि या. दादा बोलावणार नाहीत, तेव्हा हेच बोलावणे समजा.

ता. क. तिसरा. मंगळवार. पाकीट चिकटवते आहे तोच तुम्ही दारात उभे, डोक्याचा गोटा करून. दादांनी तुमच्या डोक्याकडे पाहिले आणि म्हणाले, "बश्या, घाई कावून केलीस?" मग इतके हसले की कळ आली, आणि तुम्ही त्यांना पाठीखाली हात घालून बरोबर उचललेत. ते मी पाहिले. टपालाचे तिकीट वाया गेले, पण लिहिलेले फाडत नाही; त्यांच्यासमोर मला यातले काही बोलता येणार नाही, म्हणून हे तुमच्या हातातच देते. वाचून खिशात ठेवा.

आज दिवे लागायच्या वेळी बसवेश्वर भाऊजींच्या हवाली केले ते असे:
औषधाची बाटली व गोळ्यांची पुडी. कळ आली तरच.
उजव्या खुब्याखाली द्यायची लहान उशी, कापसाची. बदलू नये.
तुमचे दादा, डाव्या कुशीवर, झोपलेले.
देणार, रुद्राणी. ती आतल्या खोलीत आहे. तिला उठवू नये.