आत्या यायची आहे

विकास नगर, लखनौ
२४ मे १९९७

प्रिय वन्सं,

इकडे सगळं ठीक, असं लिहून पत्राला सुरुवात करायची असते म्हणून तसं लिहिते. मुलगी ठीक आहे हे मात्र खरंच. दूध पिते, झोपते, झोपेत हसते. सासूबाई म्हणतात, सटवाई हसवते तिला. मला वाटतं ती माझ्या बावळटपणाला हसत असावी. कालपासून हे पत्र लिहायला बसते आणि दर वेळी झोपी जाते.

हे दिवसच असे आहेत. बाहेर भाजणारी लू वाहतेय, खिडक्या बंद, कूलरच्या वाळ्याचा ओला वास, अंगाला तेल आणि कुशीत हे एवढंसं ऊबदार गाठोडं. सकाळ कधी झाली, दुपार कधी संपली, काही कळत नाही. डोळा लागला की मलिहाबादची ती आमराई दिसते. गेल्या वर्षी आपण दोघी गेलो होतो ना, तू पिवळी साडी नेसली होतीस आणि ती पायात अडकून पडता पडता वाचली होतीस! स्वप्नात त्या झाडांना शेंडा नसतो. सावलीसुद्धा हिरवी असते आणि एका फांदीला पाळणा टांगलेला असतो. तू पाळण्यावर वाकून काहीतरी सांगत असतेस. मी जवळ येईपर्यंत तुझं सांगून झालेलं असतं, आणि जाग येते तेव्हा शेजारी ही रडत असते.

फोन का नाही केला, म्हणशील. फोन बैठकीत, बैठकीत सासूबाई, आणि त्यांचे कान तुला माहीतच आहेत. शिवाय सवा महिना होईपर्यंत मला उंबरठा ओलांडायची बंदी. तुझा चौक मोहल्ला रिक्षानं जाण्यासारखा, पण सध्या माझ्यासाठी तो सातासमुद्रापार आहे.

एक बातमी वाईट आहे, ती सांगून टाकते. मुलगी झाल्याचं कळल्यावर बेला बुआ आपल्या चेल्यांना घेऊन बधाई द्यायला आल्या होत्या. घरात मूल जन्मलं की हिजड्यांनी येऊन नाचावं, आशीर्वाद द्यावा, ही इथली रीत. तुझ्या जन्माला त्याच नाचल्या होत्या. मुलगा झाला म्हणून नाचलो होतो, असं त्या स्वतःच हसत सांगतात. मी आत पडून ढोलक ऐकत होते. कॉलनीच्या गेटपर्यंत आलं आणि एकदम थांबलं. गेटवर आता नवा चौकीदार आहे. आरडाओरडा झाला, कुणीतरी दगड मारला आणि तो बुआंच्या भुवईला लागला. नंतर त्या मागच्या गल्लीतून स्वयंपाकघराच्या दाराशी आल्या. मी हळद लावली, पाणी दिलं. हिला त्यांनी लांबूनच पाहिलं. मग म्हणाल्या, "बहूजी, दीप्ती बिटिया से कहना, ज़रा धीरे बोले। अख़बारवाले तो फोटो खींचकर चले गए, गेट तो हमारा बंद हुआ ना।"

आता मूळ मुद्दा. त्याला मी कधीची वळसा घालतेय.

हे पत्र मी तुझ्या भावाच्या, राजेशच्या, सांगण्यावरून लिहितेय. तो म्हणाला, "तू लिही, तुझं ऐकेल ती." माझ्या लग्नात तू माझा दीर होतीस. मी भावजी म्हणत होते आणि तू मान खाली घालून फिरत होतीस. दिल्लीहून परतलीस ती दीप्ती होऊन. चौकात खोली घेतलीस, चिकनच्या भरतकामाच्या नक्ष्या काढायला लागलीस. सासूबाईंनी वर्षभर तोंड फिरवलं. आणि मला सातवा महिना लागला तेव्हा भाजी निवडता निवडता, तू समोर असताना, मला म्हणाल्या, "बारशाला आत्या लागेल. दीप्तीला सांग, नाव शोधून ठेव." तू ओट्याशी उभी राहून रडलीस. मीही रडले. पाळण्यावर वाकून बाळाच्या कानात नाव सांगायचं ते आत्यानं. त्यांनी तुला लेक म्हटलं नाही, पण आत्या म्हटलं. मला तर तेव्हा वाटलं, जिंकलो आपण.

त्यानंतर तुझी ती सभा. तुमच्यातल्या एकीला दवाखान्यात खाट मिळाली नाही आणि ती गेली. तू बोललीस ते बरोबरच होतं. पण वर हेही म्हणालीस, "मैं विकास नगर की बेटी हूँ। वहाँ सब जानते हैं, कहता कोई नहीं।" तेच वाक्य फोटोखाली छापून आलं. वन्सं, लोकांना ते झोंबलं. त्यांना माहीत होतं, हे तू चारचौघांत सांगितलंस. तोवर माहीत असूनही शेजारणी तुला चहा देत होत्या. आता शेजारच्या शुक्लाइन आंटी आमच्या दारावरून जाताना पदर सावरतात. बँकेत राजेशच्या टेबलावर कुणीतरी बांगडी ठेवली.

राजेशचं म्हणणं असं, की सगळं नीट चाललं होतं. जूनमधल्या सभेत तू बोलणार नाहीस, मुलगी जरा मोठी होईपर्यंत मंचावर चढणार नाहीस, एवढा शब्द दे. मग बारशाला आत्या तूच. नाही तर कानपूरहून त्याच्या चुलत बहिणीला, शुभदाला, बोलावणार.

लिहिलं एकदाचं. आता माझं ऐक. मला तुझा राग आला आहे. बुआंची भुवई पाहिल्यापासून जास्तच. पण मी एक विचार करतेय. आजवर बुआंसाठी गेट उघडं होतं ते काही प्रेमानं नव्हतं, शाप देतील या भीतीनं होतं. ज्यांना साधी खाट मिळत नाही त्यांचा शाप कसला लागतो, असं तुझं भाषण वाचून लोकांना वाटलं. भीती गेली, आणि भीतीच्या जागी दुसरं काही चांगलं यायच्या आत दगड आला. यात तुझी चूक किती, मला ठरवता येत नाही. तू शब्द दिलास तर मला आनंद होईल, आणि त्या आनंदाची मला लाज वाटेल. तुला काय हवं ते लिही.

तुझी,
विनीतावहिनी


विकास नगर, लखनौ
९ जून १९९७

प्रिय वन्सं,

तुझं उत्तर पोचलं. "वहिनी, सभेत बोलणार आहे. शब्द देऊन खोट्यानं बाळाच्या कानाशी वाकणार नाही. शुभदाला आत्या करा." राजेशनं ते उभ्यानंच वाचलं, घडी करून परत माझ्या हातात दिलं आणि कानपूरला फोन लावला. मी घरातली गप्प बसणारी.

काल बारसं होतं. होतं, असंच म्हणायला हवं.

पाळणा बैठकीत टांगला होता. सासूबाईंनी त्याला मोगऱ्याच्या माळा बांधल्या होत्या. मराठी मंडळातल्या बायका आल्या होत्या, शेजारणी आल्या होत्या, शुक्लाइन आंटीसुद्धा. तू येणार नाहीस हे सगळीकडे पोचलं असणार, कारण सगळ्या फार गोड बोलत होत्या. इतक्या दिवसांनी मी माणसांत आले होते. मला सगळं पाण्याखालून दिसावं तसं दिसत होतं. रंगीत साड्या हळूहळू हलताहेत, कुणी गातंय, आणि दोघीजणी माझ्या मुलीला पाळण्याच्या वरून नि खालून एकमेकींच्या हातात देताहेत. ती जागी होती आणि वरच्या फुलांकडे बघत होती. मोगऱ्याच्या वासानं मला गुंगी आली होती. मला वाटलं, ही ती आमराईच आहे, आणि आता तू वाकणार.

वाकली ती शुभदा. बिचारी गुणी मुलगी, तिचा काय दोष! पाठीत धपाटे घालायला तिच्यामागे बायकांचे हात वर झाले, हसू फुटलं, आणि तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "थांबा. हिची आत्या यायची आहे."

आवाज माझा होता. मला स्वतःलाच तो नंतर ओळखू आला.

शुक्लाइन आंटी समजुतीनं म्हणाल्या, "अरे बहू, बुआ तो ये सामने खड़ी है।" मी म्हटलं, "नहीं आंटी। इसकी बुआ दीप्ती है। चौक में रहती है। आप तो जानती हैं।"

एवढंच बोलले गं. ना मंच, ना माईक, ना फोटोवाला. शुभदा सरळ झाली आणि माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. मी मुलीला पाळण्यातून उचललं. आंटी उठल्या, त्यांच्यामागे शेजारणी उठल्या, मग मंडळातल्याही. घुगऱ्या वाटायच्या राहिल्या. राजेश पार कोसळला. "तू भी, यार विनीता? एक तू ही तो समझदार थी इस घर में." कालपासून तो जेवलेला नाही.

आज सकाळी आमच्या फाटकाशेजारच्या भिंतीवर कोळशानं काहीतरी लिहिलेलं होतं. बँकेत जायच्या आधी राजेशनं ते ओल्या फडक्यानं स्वतः पुसलं. इस्त्रीचा शर्ट काळा झाला, पुन्हा आत येऊन बदलला. काय लिहिलं होतं, विचारलं तर म्हणाला, "कुछ नहीं। तुम मत देखो।" मग दारातून वळून मुलीच्या डोक्यावर हात ठेवून गेला.

तेव्हा आता मला कळलंय. बोलल्यामुळे होतं का हे? हो, बोलल्यामुळेच होतं. मी गप्प होते तोवर घरात गाणी चालली होती. हे तुझ्यापासून लपवणार नाही आणि तूही स्वतःपासून लपवू नकोस. पण भिंतीवर लिहिणारा हात माझा नव्हता. माझ्या बाबतीत हे मला लगेच दिसलं, तुझ्या बाबतीत दिसायला इतके दिवस लागले. मी बोलले ते परत घेणार नाही. खूप घाबरले आहे, तरी घेणार नाही.

बेला बुआंचं मात्र मनातून जात नाही. आपण बोललो तर आपल्या भिंतीवर कोळसा येतो. त्यांच्या तर पोटावर पाय येतो. तू मंचावर चढायच्या आधी त्यांच्याकडे जा, त्यांना काय हवं ते विचार, त्या चिडतील तर चिडू दे. त्या येत असतील तर आधी त्यांना बोलू दे. हे मी राजेशच्या सांगण्यावरून लिहीत नाहीये.

सासूबाई माझ्याशी बोलत नाहीत. काल राजेश स्टुलावर चढून पाळणा काढायला लागला, तेव्हा तेवढं म्हणाल्या, "राहू दे." का, ते विचारायची हिंमत कुणाला झाली नाही. मुलगी त्या पाळण्याकडे तोंड करून पडते.

ती बिननावाची आहे, वन्सं. शेजारी विचारतात, मी सांगते, अजून नाही ठेवलं. राजेशनं ठरवलेलं नाव मी उच्चारत नाही, दुसऱ्यालाही उच्चारू देत नाही. तू शोधलेलं नाव काय आहे, ते मी कधी विचारलं नाही आणि आताही विचारत नाही. पत्रात लिहून पाठवू नकोस. तुला येऊन तिच्या कानातच सांगावं लागेल. सभेच्या आधी ये, सभेनंतर ये, हजार माणसांसमोर बोलून घसा बसला असेल तरी ये. तिच्या कानात सांगायला तेवढा आवाज पुरेल.

तुझी वाट पाहणारी
तुझी वहिनी विनीता,
आणि जिला तू येईपर्यंत कुणीच नावानं हाक मारणार नाही, ती तुझी भाची